नौका शाकारण्याआधी इंजिनाचे दुखणे ओळखा

नाखवा, तांडेल, खलाशी आणि शेतकरी बंधूंनो,

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की सातपाटीपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्या बंदरांत एकच लगबग दिसते. जाळी उतरवली जातात, नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, वर झाप किंवा ताडपत्री टाकून त्या शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्यानंतर नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहायचा आणि नव्या हंगामाला लागायचे, ही आपली रीत.

या दोन महिन्यांत जाळ्यांची डागडुजी होते, नौकेच्या तळाला रंग लागतो. पण इंजिन? पुष्कळ ठिकाणी ते शेवटची फेरी संपली की जसे बंद केले तसेच राहते. वर एक गोणपाट टाकले की झाले काम!

आता तुम्ही म्हणाल, बंद इंजिन नुसते झाकून ठेवायचे, त्यात शिकवायचे ते काय? तर मंडळी, ओले भात कणगीत भरले तर दोन महिन्यांनी काय बाहेर येते, हे तुम्हाला सांगायला नको. इंजिनाचेही तसेच आहे. मे महिन्यात ज्या इंजिनात थेंबभर पाणी शिरत होते, ज्याचे एक नोझल गळत होते, ते तसेच झाकून ठेवले तर पावसाळ्यात ते दुखणे बरे होत नाही, वाढते. आणि ते बाहेर पडते कधी? ऑगस्टच्या पहिल्या फेरीत. समुद्र अजून शांत झालेला नसतो, खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात, आणि नेमके तिथे इंजिन बंद पडते. अशा वेळी प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही, नौकेवरच्या माणसांच्या जिवाचा होतो.

म्हणून या पत्रकाचे सूत्र एवढेच आहे: आधी दुखणे शोधा, मग ते दुरुस्त करा आणि मगच इंजिन निजवा. इंजिन चालू असते तोवरच ते आपली तक्रार सांगू शकते. एकदा बंद करून झाकले की ते मुके झाले.

पुस्तिकेतला हिवाळा आणि आपला पावसाळा

इंजिनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बहुधा 'हिवाळ्यातील साठवण' असा भाग असतो. तो वाचून काही जण म्हणतात, हे आपल्यासाठी नाही. ते खरेही आहे आणि खोटेही. थंड देशांत हिवाळ्यात पाणी गोठते. गोठलेले पाणी फुगते, आणि इंजिनात पाणी राहिले असेल तर लोखंडी ब्लॉकला तडा जातो. आपल्याकडे ती भीती नाही. आपले वैरी दोन, मीठ आणि दमट हवा. मीठ हवेतली ओल ओढून घेते आणि ती ओल लोखंडाला गंज चढवते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैमध्येच असतो. म्हणजे इंजिन बंद असण्याचा काळ आणि हवा सर्वांत दमट असण्याचा काळ एकच. तेव्हा पुस्तिकेतली बहुतेक कामे आपल्यालाही करायची आहेत, फक्त कारण वेगळे. थंडीसाठी म्हणून जे कूलंट सांगितलेले असते, तेसुद्धा आपल्याला गंज रोखण्यासाठी उपयोगी पडते.

पहिले काम : शेवटच्या फेऱ्यांत इंजिनाचे ऐका

बंदी सुरू होण्याआधीच्या चार-पाच फेऱ्यांत एक छोटी वही नौकेवर ठेवा. रोज पाच गोष्टी लिहा: सकाळी सुरू व्हायला किती वेळ लागला, धुराचा रंग कोणता, ऑइलचा दाब किती, पाण्याचे तापमान किती आणि ऑइल किती घालावे लागले. मिस्त्री आल्यावर ही वही त्याच्या हातात द्या. 'इंजिन बरोबर चालत नाही' एवढेच सांगितले, तर आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे व्हायचे. पंप खोलला जातो आणि दोष निघतो फिल्टरात!

धूर काय सांगतो?

काळा धूर: डिझेल जास्त जळतेय किंवा हवा कमी मिळतेय. आधी हवेचा फिल्टर बघा. तो स्वच्छ असेल तर नोझल गळते आहे का ते तपासून घ्या. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. नौका किनाऱ्यावर घेतल्यावर पंखा बघा. पंख्याला आणि तळाला शिंपले चिकटले असतील, पंख्यात दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकला असेल, तर इंजिनावर भार वाढतो आणि चांगले इंजिनही काळा धूर ओकते.

पांढरा धूर: गार इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटे पांढरा धूर आला तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर दोन शक्यता. डिझेल न जळता बाहेर पडते आहे, म्हणजे नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनमध्ये दोष आहे. किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे आणि ती वाफ आहे. गोड्या पाण्याची टाकी रोज कमी होत असेल आणि बाहेर कुठे गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. ज्या इंजिनाच्या धुराच्या नळीत थंड करणारे पाणी सोडलेले असते, तिथे थोडी वाफ नेहमीच दिसते. तिला धूर समजू नका.

निळा धूर: ऑइल जळते आहे. रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्हजवळून ऑइल उतरते आहे, किंवा खुणेच्या वर ऑइल भरले आहे. शेवटचे कारण सर्वांत स्वस्त, म्हणून ते आधी बघा.

ऑइल काय सांगते?

इंजिन रात्रभर बंद राहू द्या. सकाळी सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी ओढून बघा.

ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी आहे. ऑइल पातळ झाले असेल, त्याला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढली असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. खात्री करायची तर संपचा खालचा बूच अगदी हळू सैल करा. पाणी जड असल्याने रात्रीतून तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर येते. दुसरी एक सोपी परीक्षा म्हणजे ऑइलचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकायचा. पाणी असेल तर फोडणीसारखे तडतडते. मात्र चेहरा दूर ठेवा आणि हे काम डिझेलच्या डब्याजवळ करू नका.

अशा इंजिनाचे नुसते ऑइल बदलून ते झाकून ठेवणे म्हणजे जखमेवर पट्टी बांधून आतला काटा तसाच ठेवणे. पाणी कुठून येते ते आधी शोधायला हवे: गॅस्केट, ऑइल कूलर, की पाण्याच्या पंपाचा सील. काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग झिजत असल्याची ती सूचना आहे. अशा वेळी मिस्त्रीला लगेच बोलवा.

ऑइलचा दाब कमी दाखवत असेल तर क्रमाने बघा: पातळी, ऑइलचा दर्जा, फिल्टर आणि मापक स्वतः. हे सगळे ठीक असेल तरच बेअरिंगचा विचार करा.

इंजिन तापत असेल तर

समुद्राचे पाणी जिथून आत येते त्या झडपेपासून सुरुवात करा आणि पाण्याच्या वाटेने पुढे जा. जाळीत प्लास्टिक, शेवाळ किंवा जेलीफिश अडकला आहे का? पाण्याचा पंप उघडून आतला रबरी इंपेलर बघा. त्याच्या पाती मोजा. एखादी पाती तुटलेली असेल तर नुसता नवा इंपेलर बसवून थांबू नका. तुटलेला तुकडा पुढच्या नळीत किंवा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो. तो काढला नाही तर नव्या इंपेलरनंतरही इंजिन तापणारच. त्यानंतर पट्ट्याचा ताण, थर्मोस्टॅट आणि नळ्यांत साचलेला क्षार तपासा.

लक्षात ठेवा, गरम इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. उसळलेल्या वाफेने हात आणि चेहरा भाजतो.

सुरू होत नसेल, किंवा चालता चालता बंद पडत असेल तर

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा जोरात दाबली की तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की पेट घेतो. म्हणजे लागते काय? स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा आणि पुरेसा दाब. तपासणी याच क्रमाने करावी.

टाकीच्या तळातले थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर स्थिर ठेवा. खाली पाणी बसले तर ते स्पष्ट दिसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळपट, चिकट साय तयार होते. ती जंतूंची आणि बुरशीची वाढ असते. पावसाळ्यात ती वाढते आणि ऑगस्टमध्ये नौका हलू लागली की उसळून फिल्टर बंद करते. पहिल्या फेरीत अर्ध्या वाटेवर इंजिन गुदमरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

इंजिनाने हवा धरली असेल तर फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे संपून अखंड धार येईपर्यंत मारत राहा. पण रोज रोज हवा काढावी लागत असेल तर हवा शिरते कुठून ते शोधा. टाकी ते पंप यांच्यामधली नळी, तिचे वॉशर आणि क्लिपा तपासा. या भागात ओढ असल्याने डिझेल बाहेर गळताना दिसत नाही, पण हवा मात्र आत शिरते.

एखादा सिलिंडर काम करत नाही असे वाटले, तर जुन्या पद्धतीच्या, यांत्रिक पंप असलेल्या इंजिनावर मिस्त्री एक परीक्षा करतात. इंजिन मंद चालवून एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा सैल करतात. ज्या नळीने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आजारी. हे काम जाणकारानेच करावे. दाबाने उडणारे डिझेल कातडीतून आत शिरते आणि गंभीर इजा करते, म्हणून नटावर फडके असावे आणि हात दूर असावा. नव्या कॉमन रेल इंजिनावर तर हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये. तिथला दाब फार मोठा असतो.

दुखणे सापडले, दुरुस्त झाले. आता इंजिन निजवा

पुढील कामे याच क्रमाने करा.

१. गोडे पाणी फिरवा. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची पाणी ओढणारी नळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडा आणि इंजिन १०-१५ मिनिटे चालवा. पिंप रिकामे होऊ देऊ नका. इंजिन चांगले तापले म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आणि आतल्या कप्प्यांतले मीठही धुऊन निघते.

२. ऑइल गरम असतानाच काढा. गरम ऑइल पातळ असते, त्याच्याबरोबर गाळही निघून येतो. जुन्या ऑइलमध्ये काजळी, ओल आणि आम्ल असते. हे आम्ल दोन महिने बेअरिंगवर बसून राहिले तर त्याला खाते. म्हणून ऑइल हंगामाच्या शेवटी बदलायचे, हंगामाच्या सुरुवातीला नव्हे. नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालून, पाण्याची नळी पिंपातच ठेवून, इंजिन पाच मिनिटे चालवा, म्हणजे नवे ऑइल सगळीकडे पोचते. गियर बॉक्सचे ऑइलही बघा. ते दुधाळ असेल तर कूलर किंवा सील तपासून घ्या. काढलेले ऑइल खाडीत ओतू नका. ज्या पाण्यावर आपले पोट आहे त्यातच विष कालवल्यासारखे ते होते.

३. डिझेलची टाकी. तळातले पाणी आणि गाळ काढून टाका. लोखंडी टाकी असेल तर ती जवळजवळ भरून ठेवा. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतली ओल पाणी होऊन भिंतींवर जमते. भरून ठेवणे शक्य नसेल, किंवा चोरीची वा आगीची भीती असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून कोरडी ठेवा. अर्धवट ठेवू नका. डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलून हवा काढून घ्या.

४. समुद्राच्या पाण्याची वाट कोरडी करा. पंप, हीट एक्स्चेंजर आणि धुराची नळी यांतले पाणी खालचे बूच काढून सोडून द्या. इंपेलर काढून घरी ठेवा. तो जागीच राहिला तर पाती वाकलेल्या अवस्थेत ताठ होतात. जस्ताचे तुकडे निम्म्याहून जास्त झिजले असतील तर नवे लावा. समुद्राचे पाणी आधी जस्त खाते म्हणून इंजिनाचा धातू वाचतो. गोड्या पाण्याच्या बाजूला मात्र पाणी आणि कूलंट पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात भरलेले असू द्या.

५. सिलिंडरला तेल द्या. नोझल तपासणीसाठी काढलीच आहेत, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये एक मोठा चमचा स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि इंजिन हाताने दोन-तीन वेळा फिरवा. चमचाभर म्हणजे चमचाभरच! ऑइल दाबले जात नाही. वाटीभर ओतले तर ऑगस्टमध्ये सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकेल. त्यानंतर नोझल नव्या वॉशरसह बसवा.

६. नाक-तोंड बंद करा. हवेच्या आणि धुराच्या नळीत तेलकट फडक्याचा बोळा घालून वर लाकडी खुंटी किंवा झाकण लावा. प्रत्येक बोळ्याला लांब लाल दोरी बांधा, म्हणजे तो काढायचे राहणार नाही.

७. पट्टे सैल करा. ताणलेला पट्टा एकाच जागी दोन महिने राहिला तर त्याला बाक येतो.

८. बॅटरी घरी न्या. वरचे मीठ ओल्या फडक्याने पुसा, पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला आणि ती लाकडी फळीवर ठेवा. तीन-चार आठवड्यांनी एकदा चार्ज करा. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती चुलीजवळ किंवा बंद खोलीत ठेवू नका. वायरींच्या टोकांना व्हॅसलीन लावा.

९. बाहेरून पुसा. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने मीठ पुसून काढा. सेल्फ आणि अल्टरनेटरवर पाण्याचा फवारा मारू नका. सगळे वाळले की तेलाचा पातळ हात फिरवा.

१०. पाटी लावा. काय काय काढले आणि काय काय बंद केले ते एका पुठ्ठ्यावर लिहून तो सुरू करायच्या किल्लीपाशी बांधा: 'इंपेलर काढला आहे. धुराच्या नळीत बोळा आहे. पट्टे सैल आहेत.' नळ्या सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत तर जोडताना गोंधळ होत नाही.

शाकारणी आणि पावसाळ्यातली फेरी

झाप किंवा ताडपत्री अशी बांधा की पाणी आत येणार नाही, पण दोन्ही टोकांनी वारा खेळेल. इंजिनालाच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळणे चुकीचे आहे. आत घाम सुटतो आणि त्या घामानेच गंज चढतो. नौका जमिनीवर असेल तर तळाचा बूच उघडा ठेवा, म्हणजे आत गेलेले पावसाचे पाणी निघून जाते.

दर आठ-दहा दिवसांनी नौकेवर एक फेरी मारा. डिझेल बंद आहे याची खात्री करून इंजिन हाताने दोन फेरे आणि थोडे पुढे फिरवा. थोडे पुढे कशासाठी? पिस्टन प्रत्येक वेळी नव्या जागी थांबावा म्हणून. एकाच जागी बसला की तिथे गंजाची रेघ पडते आणि रिंगा चिकटतात. या कामाला दहा मिनिटे लागतात. घरातली शिकणारी मुले असतील तर त्यांना बरोबर न्या, तीही तयार होतील.

छोट्या होड्यांच्या बाहेरच्या इंजिनासाठी

फायबरच्या होडीच्या मागे लावायचे इंजिन काढून घरी आणता येते, म्हणून त्याची निगा सोपी. ते पिंपात उभे करून गोड्या पाण्यात दहा मिनिटे चालवा. मागच्या भोकातून पाण्याची धार जोरात येते आहे ना, ते बघा. धार बारीक असेल तर भोक तारेने मोकळे करा. तरीही सुधारणा नसेल तर इंपेलर बदला.

मग इंधनाची नळी सोडवा आणि कार्बोरेटरमधले इंधन संपून इंजिन आपोआप बंद होऊ द्या. आत राहिलेले पेट्रोल दोन महिन्यांत डिंकासारखे होऊन बारीक भोके बुजवते. 'मे महिन्यात छान चालत होते, ऑगस्टमध्ये सुरूच होत नाही' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. प्लग काढून आत छोटा चमचाभर ऑइल सोडा, दोरी चार-पाच वेळा हळू ओढा आणि प्लग परत लावा.

खालच्या गियरचे ऑइल काढून बघा. ते दुधाळ असेल तर सील गेले आहे. पंखा काढून दांडा तपासा. तिथे गुंडाळलेला नायलॉनचा बारीक दोरा सील कापतो. नवे ऑइल खालच्या भोकातून भरा. वरच्या भोकातून बाहेर येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. इंजिन नेहमी उभेच ठेवा. आडवे ठेवल्यास नळीत राहिलेले पाणी सिलिंडरकडे उतरू शकते.

नारळी पौर्णिमेआधी

इंजिन उठवण्याचे काम मुहूर्ताच्या दिवशी सकाळी करू नका. निदान आठ दिवस आधी करा, म्हणजे सुटा भाग लागला तर बाजारातून आणायला वेळ मिळतो. पुठ्ठ्यावरची यादी वाचत एकेक गोष्ट परत लावा: बोळे काढा, इंपेलर बसवा, पट्टे ताणा, बूच लावा. ऑइल आणि पाणी बघा. डिझेल बंद ठेवून इंजिन आधी हाताने फिरवा. अडत असेल तर सेल्फ मारू नका, सिलिंडरमध्ये काय आहे ते शोधा. मोकळे फिरले तर डिझेल उघडा, हवा काढा आणि सुरू करा. लगेच ऑइलचा दाब आणि बाहेर पडणारे पाणी बघा. दाब चढत नसेल तर ताबडतोब बंद करा.

नौका पाण्यात उतरल्यावर इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते पुन्हा तपासून घ्या. लाकडी नौकेचा आकार जमिनीवर आणि पाण्यात थोडा बदलतो. जमिनीवर नीट बसवलेला शाफ्ट पाण्यात थरथरू शकतो. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येत असेल तर चालेल, धार येत असेल तर दोरा बदला.

शेवटी खाडीच्या आत, नांगर आणि माणसे तयार ठेवून, तासभर इंजिन भारावर चालवून बघा. ते या परीक्षेत पास झाले तरच मुखाबाहेर न्या. आणि बरोबर एक डबा असू द्या: दोन डिझेल फिल्टर, एक पट्टा, एक इंपेलर, चार क्लिपा, थोडे ऑइल आणि पाने.

शेतकरी बंधूंसाठी दोन शब्द

कोकणात एकाच घरात भाताची खाचरे, आंब्याची कलमे आणि होडी असते. विहिरीवरच्या डिझेल पंपाचे इंजिनही पावसाळ्यात असेच बंद राहते. त्याला समुद्राचे मीठ लागत नाही, पण दमट हवा तीच असते. ऑइल बदलणे, टाकी भरणे किंवा कोरडी ठेवणे, सिलिंडरला चमचाभर ऑइल आणि आठवड्याला एकदा हाताने फिरवणे ही चार कामे त्यालाही लागू आहेत.

पेरणीआधी आपण मूठभर बियाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो. उगवण कमी निघाली तर शेत वाया जाण्याआधी कळते. शाकारणीआधीची ही तपासणी तशीच आहे. मे महिन्यात सापडलेला दोष मिस्त्रीच्या हातून दोन दिवसांत निघतो. तोच दोष ऑगस्टमध्ये समुद्रात सापडला तर दुसऱ्या नौकेने येऊन ओढून न्यावे लागते, आणि दुसरी नौका जवळ असेलच असे नाही.

हे पत्रक नौकेच्या कागदपत्रांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. इंजिनाबद्दल काही शंका असेल तर वहीतल्या नोंदींसह कार्यक्रमाला जरूर कळवा. येता हंगाम आपणा सर्वांना सुखाचा आणि सुखरूप जावो!

— कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)